पालथी लेक

सातव्या महिन्यातच झाली माझी लेक. नारायणगावच्या एका दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलेलं, आणि मी बाहेर स्टुलावर. तिच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा पारदर्शक टोप, त्यात ऑक्सिजनची नळी सोडलेली. उताण्या लेकीची छाती प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडल्यासारखी आत जायची. मी उठायची, खिडकीतून हायवेवरच्या टोमॅटोच्या गाड्या बघायची, परत यायची. सिस्टर म्हणायच्या, "ताई, बसा की जरा एका जागी." बसा म्हणे! स्वतःची लेक पेटीत असती म्हणजे कळलं असतं.

एका सकाळी बघते तर लेक पालथी! गुडघे पोटाशी, दोन्ही अंगांना कापडाच्या वळकट्या, मान एका बाजूला. "अहो, गुदमरंल ना ती!" मी ओरडलेच. डॉक्टर म्हणाले, पोटावर ठेवलं की अशा बाळांना श्वास घेणं सोपं जातं. इथं सतत लक्ष असतं म्हणून चालतं, घरी मात्र पाठीवरच झोपवायचं.

सासूबाई काचेतून बघत म्हणाल्या, "आमची पोरं चार-पाच महिन्यांनी पालथी पडली. हिला लईच घाई!" मला हसूही येईना आणि धड रागही येईना.

छातीतला खड्डा खरंच कमी झाला. पण तोंड भिंतीकडे. उताणी होती तेव्हा माझी नजर छातीवरून हटली नव्हती, तोंड नीट बघायचं राहूनच गेलेलं. आता दिसायची ती पाठ आणि मानेवरची लव. सिस्टर अधूनमधून मान दुसऱ्या अंगाला करायच्या, पण नेमकी तेव्हाच मी दूध काढायला गेलेली असायची. आले की पुन्हा भिंतीकडे. मेलं नशीबच तसलं! त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण विचारणार, "कुणावर गेलीय?"

"पाठीवरनं सांगू का?" मी एकदा नणंदेवर खेकसलेच. तिला काय सांगणार होते? ही गेली तर मला आठवायला नुसती पाठच उरेल, या भीतीनं माझं डोकं फिरलं होतं.

पुढं श्वास जरा सुधारला. टोप निघाला, नाकाशी बारीक नळी आली. डॉक्टर म्हणाले, आता आईच्या छातीवर द्या. सिस्टरनी मला मागं रेलून बसवलं, लेकीला माझ्या उघड्या छातीवर पालथीच ठेवलं आणि वरून चादर घातली. मान पुन्हा पलीकडे. तिच्या इवल्याशा बरगड्या माझ्या अंगावर हलत होत्या, न अडखळता. माझ्या पायाला मुंग्या आल्या, तरी मी पाय हलवला नाही.

"ताई, मान फिरवू का तुमच्याकडं? तोंड बघायचं व्हतं ना?" सिस्टरनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. "हलवू नका तिला."