मीटरवाला आणि ९९९९१९

मुलांनो, धारवाडच्या घरी दर महिन्याला विजेचं मीटर बघायला एक माणूस यायचा. कानावर पेन्सिल, शिक्षण सातवीपर्यंत. आकडा उतरवून घेतला की क्षणभर डोळे मिटायचा आणि हवापाण्याचं बोलावं तसं सांगायचा, "अक्का, या वेळचा आकडा तेरानं तुटतो बघा, बाकी शून्य." मी गणित घेऊन बी. ए. झालेली. मला हे साधत नसे, आणि त्याचा हेवा वाटे.

एकदा त्याला अडवायचंच म्हणून मी ९९९९१९ ही संख्या निवडली. सातशेपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं आणि कंटाळून थांबले. तो आल्यावर ठामपणे म्हटलं, "ही मूळ संख्या. कशानंच भाग जात नाही."

त्यानं डोळे मिटले. "दहा लाखाला एक्क्याऐंशी कमी. म्हणजे हजाराच्या वर्गातून नऊचा वर्ग गेला. नऊशे एक्क्याण्णव गुणिले एक हजार नऊ. जातो की, अक्का."

माझे कान तापले.

मग त्यानंच विचारलं, "पण नऊशे एक्क्याण्णव मूळ आहे का, ते बघायला कुठवर भागायचं? तुम्ही शिकलेल्या."

एकतीसपर्यंत पुरे, हे मला पाठ होतं. मी म्हणाले, "नऊशे नव्वदपर्यंत."

पुढच्या महिन्यात त्यानं दोन्ही बाजूंनी भरलेले कागद माझ्यापुढे ठेवले. "सगळे केले, अक्का. मूळच आहे."

मी चष्मा लावला आणि त्यात कुठे चूक सापडते का, ते शोधत बसले.