सागाच्या मध्यस्थीने काढलेली वाट

एकोणीसशे सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि माझ्या लग्नाला सात महिने झाले होते. या सात महिन्यांत सासरे माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांना न विचारता लग्न केलं, हा आमचा गुन्हा. त्यांच्या घरी गेलो की मी समोर बसलेला असताना ते लेकीला म्हणायचे, "विचार यांना, चहा घेणार का." मीही काही कमी नव्हतो. तिलाच म्हणायचो, "सांग, घेईन."

दोन्हीकडचे निरोप पोचवून बायको थकली. हरसूलच्या पुढे, डोंगरात, जंगलखात्याचा एक दगडी बंगला होता. तिने तो ओळखीने दोन दिवसांसाठी मिळवला आणि आम्हा दोघांना तिथे घेऊन गेली. हातभर जाड भिंती, चहूबाजूंनी पडवी. शिधा आपण न्यायचा, चौकीदाराची बायको रांधून घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पांघरूण डोक्यावर ओढलं आणि आतूनच फर्मावलं, "तुम्ही दोघं धबधबा बघून या. मी झोपणार."

सासरे देवळालीच्या तोफखान्यातले निवृत्त हवालदार. जवानांना नकाशा वाचायला शिकवलेला माणूस! मी मुकाट मागे निघालो.

श्रावणातलं धुकं. सासरे दिसत नव्हते, त्यांची काठी तेवढी ऐकू येत होती. दोन वाटा फुटल्या तिथे ते थांबले आणि एका सागाला म्हणाले, "डावीकडे वळायचं आहे."

मी त्याच सागाला म्हणालो, "मला उजवीकडे वाटतंय."

सागाने मत दिलं नाही. वय बघून डावीकडे वळलो.

काही वेळाने शेंदूर फासलेला एक दगड लागला. पुढे पुन्हा शेंदराचा दगड. मग तिसरा. या डोंगरात सगळ्याच दगडांना शेंदूर फासतात, की दगड एकच आणि फिरतोय तो आम्ही? धबधबा मघाशी पुढे गर्जत होता, आता पाठीमागे. मला तर सकाळ आहे की दुपार हेही कळेना.

सासऱ्यांनी दगडाकडे पाहिलं. चेहरा पडला. आजूबाजूला सांगायला झाडही नव्हतं, नुसतं गवत.

"चकवा लागलाय," ते थेट माझ्याकडे बघून म्हणाले. "सदरा उलटा घाला."

"अहो, पण..."

"घाला म्हणतो ना! माझी आई सांगायची."

त्या गार वाऱ्यात आम्ही दोघांनी सदरे काढून उलटे चढवले.

"बटणं लागत नाहीत," मी म्हणालो.

"बोटं आत घाला. सगळं शिकवायचं का?"

उतरणीने चालत सुटलो तर धुक्यातून दगडी भिंत पुढे आली. पडवीत एक बाई सुपात तांदूळ पाखडत पाठमोरी बसलेली. सासऱ्यांनी अदबीने विचारलं, "बाई, जंगलखात्याचा बंगला कुठे आहे?"

चौकीदाराची बायको वळली. "ह्योच हाय ना! सकाळी इथूनच तं गेले तुमी. आन् सदरे का उलटे?"

सासरे माझ्यावर उखडले. "वाट चुकतेय तर तेव्हाच सांगायचं!"

"सांगितलं होतं! उजवीकडे म्हणालो होतो!"

"हे सांगणं झालं? ठासून बोलावं माणसानं! सात महिने नुसतं तोंड मिटून बसता!"

"मी? मी मिटून बसतो?"

आरडाओरडा ऐकून बायको डोळे चोळत पडवीत आली. उलट्या सदऱ्यांतले बाप आणि नवरा हातवारे करून भांडताना बघून तिला काही उमजेना.

"बाबा, झालं तरी काय?"

सासऱ्यांनी मान न वळवता हात वर केला. "तू मध्ये पडू नकोस. आमचं चाललंय."