कॅप्टनचा अंदाज

वैमानिक व्हायला बेलोऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रात प्रवेश मिळाला, त्याच दिवशी वलगावच्या चौकात ‘कॅप्टन प्राजक्ता’चा फ्लेक्स लागला. विमानाला तिनं अजून हातही लावला नव्हता. आधी नुसते वर्ग होते. त्यात हवामानाचा विषय आहे हे कळलं, तेव्हा कुठं गावाला तिच्या शिक्षणाचा उपयोग पटला. रविवारी ती घरी आली की ओट्यावर माणसं हजर.

“कॅप्टन, पाणी कधी येईन? सोयाबीन पेरू का?”

“मले काय मालूम!” ती करवादायची.

पुढं हवामानाच्याच पेपरात ती नापास झाली. आता तरी सुटका होईल म्हणून तिनं स्वतःच ते गावभर सांगितलं. पुढच्या रविवारी ओटा पुन्हा भरलेला.

“तू फक्त सांग, पोरी,” शेजारचे सूर्यभानकाका समजुतीनं म्हणाले, “आमी उलटं करतो.”