अक्काच्या चुलीखालचं पाणी

लिहायला फार उशीर झाला, मंडळी, रागावू नका. भांडुपला अक्काकडे कसं जायचं, हे तुम्ही कधीचं विचारलं होतंत. लिहायला बसायचो आणि हात थांबायचा. का, ते पुढं कळेल.

भावोजी गेल्यापासून आपली अक्का मिठागरांच्या बाजूला एकटी राहते. शिमग्यानंतर तिचा निरोप आला, "चुलीजवळची जमीन ओली होते नि खालून हे बोलतात." हे म्हणजे भावोजी. माझी झोपच उडाली. थोरल्या बहिणीला माझ्याकडे खारदांड्याला घेऊनच यायचं, असं ठरवून निघालो.

दादरला गाडी बदलायला जिना चढावा लागतो, त्याची मला धास्ती, म्हणून अंधेरीला जाऊन कुर्ल्याची बस धरली. तुम्ही तसं करू नका, दादरलाच गाडी बदला. रस्ता खड्ड्यांचा आहे, आणि नव्या पैशांचा हिशोब चुकला की कंडक्टर खेकसतो. कुर्ला स्टेशनबाहेर उसळपाव चांगला मिळतो, पाणी मात्र घरून न्या. तिथून आगगाडीने भांडुप. पूर्वेला उतरलं की बैलगाडीची वाट आहे. दोन्हीकडे पांढरं मीठ, माणूस नाही, काही नाही. उन्हाने माती तडकली होती, पण अक्काच्या गल्लीत शिरलो नि पायाखाली चपचप झालं.

चुलीपाशी हळदकुंकू, फुलं, नारळ! देवीचा झरा फुटला म्हणून गल्लीतल्या बायका पूजा करून जात होत्या.

सकाळी नळाला पाणी आलं तशी अक्का म्हणाली, "टोपी काढ नि कान लाव." मी वाकलो. खालून खरंच कुणीतरी घोगऱ्या आवाजात बोलत होतं. शब्द तेवढे कळेनात.

शेजाऱ्याने नळवाल्याला आणलं. त्याने लाकडी दांड्याचं एक टोक जमिनीला लावलं, दुसरं कानाला.

"आजी, नवरा नाय, नळी बोलते. गल्लीत पातळ लोखंडी नळी टाकलीय. खाऱ्या मातीत तिची चाळण होते."

"मग कसली टाकायची?" मी विचारलं.

"जाड बिडाची, ओतीव लोखंडाची. सांध्यात शिसं ओतायचं. सिमेंटची गंजत नाय, पण वरून लॉरी गेली की तडकते."

"आणि एवढं पाणी जातं कुठं?"

"पाहुण्यासारखं तुमच्या बहिणीकडे!" असं म्हणून हसत त्याने पहार मारली. पहार आत गेली, त्याचा हात खांद्यापर्यंत गेला, तरी ती टेकेना. त्याचं हसू गेलं. चूल पोकळीवर उभी होती.

अक्का आडवी आली. "खणू नको. माझं माणूस गप्प करशील."

"अगं, घरासकट आत जाशील!" मी ओरडलो.

"जाईन की. तिथंच आहेत ना ते?"

शेवटी तिने एक अट घातली. नळ बंद झाल्यावरच खणायचं, म्हणजे बोलणं मध्येच तुटायला नको. आम्ही थांबलो. मग नळी काढली तर ती हातात पापडासारखी मोडली. घराखाली बिडाची नळी घातली, पोकळीत मुरूम भरला.

दुसऱ्या दिवशी नळाला दणदणीत धार आली. जमीन गप्प. अक्काने हंडा भरला आणि तिथंच बसून रडली. माझ्याबरोबर यायला मात्र तयार झाली नाही.

नळ बंद झाल्यावर मी पिशवी उचलली. पण मला राहवेना, म्हणून मुसळ जमिनीला लावून कान टेकला.

खालून घोगरा आवाज आला.

अक्का दारातून बघत होती. मी मुसळ कोपऱ्यात ठेवलं नि निघालो.

स्टेशनजवळ नळवाला भेटला. त्याला आवाजाचं सांगितलं. म्हणाला, "बाबा, एक भोक बुजवलं की पाण्याचा जोर वाढतो. मग गल्लीतली जुनी नळी दुसरीकडे फुटते."

"अरे, पण तेव्हा पाणी बंद होतं."

त्याने विडी पेटवली आणि पहार खांद्यावर टाकून तो चालू लागला.

घरी येऊन उसळीची चव विसरलो, रस्त्याचे धक्के विसरलो. तो आवाज कानातून जात नाही. पुन्हा जाऊन कान लावायचं धाडस माझ्यात उरलेलं नाही. तुमच्यातलं जे कुणी आधी जाईल, त्याने नळ बंद झाल्यावर चुलीपाशी हात लावून बघावं. कोरडं असेल तर तेवढंच कळवा. ओलं असेल तर खाली पुन्हा पोकळी पडत असेल; मग ती काहीही म्हणो, तिला उचलून माझ्याकडे आणा. मी रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा असतो. लवकर कळवा.