मामाच्या रक्ताला वाजलेली थंडी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. वडील वकील, आमच्याकडे लिंबू कापलं जायचं ते सरबतासाठीच! तरी हे लिहितेय... हसायचं तर खुशाल हसा.

साठच्या दशकातली गोष्ट. अकोल्यातल्या एका दवाखान्याच्या रक्तपेढीत मी टेक्निशियन होते. वैशाखातली दुपार. दहा वर्षांची कुसुम तापानंतर अंगभर लाल ठिपके घेऊन भरती झालेली, नाकातलं रक्त थांबेना. फ्रीजमधल्या दोन बाटल्या चढवून झाल्या, उपयोग शून्य. तिच्या आईकडे बघवत नव्हतं.

शेंदूरजनाघाटहून तिचा मामा आला. संत्र्याचा बागाईतदार, धिप्पाड गडी. रक्त जुळलं. त्याची बाटली भरली, पण डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, म्हणून नियमाप्रमाणे मी ती फ्रीजमध्ये ठेवली.

व्हरांड्यात सगळे घामाने निथळत होते, आणि हा कुडकुडायला लागला — अक्षरशः दात वाजत होते!

"बाई, मले थंडी वाजून रायली. माहं रगत कुठं ठेवलं तुमी?"

"फ्रीजमध्ये. का?"

"काढा ना ते भायेर!"

"रक्त दिल्यावर होतं असं. चहा घ्या," मी फटकारलं. ताप नव्हता, नाडी ठीक होती. शेवटी त्याची कटकट थांबावी म्हणून बाटली काढून टेबलावर ठेवली. खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ओल्या ताट्यांमुळे खोलीत बेताचा गारवा होता. बाहेर येऊन बघते तर मामा शांत, कपाळावर घाम.

मला रागच आला. आत गेले, दार लावलं आणि गुपचूप बाटली परत फ्रीजमध्ये ठेवली. लगेच बाहेरून आवाज —

"काहून ठेवली बाई परत?"

मी बाटली काढून पुन्हा टेबलावर ठेवली; मग मात्र ती आत ठेवायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टर आल्यावर टेबलावरची तीच बाटली कुसुमला चढली. संध्याकाळी तिच्या नाकातलं रक्त थांबलं. तिची आई माझे हात धरून रडली, मीही रडले.

बऱ्याच वर्षांनी एका तरुण डॉक्टरने सांगितलं, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स फ्रीजच्या थंडीत निकामी होतात. आता त्या वेगळ्या काढून, फ्रीजबाहेर, सारख्या हलवत ठेवतात. "बाटली बाहेर राहिली ते बरंच झालं," तो म्हणाला.

म्हणजे कुसुम कशी वाचली, ते कळलं. पण बंद दाराआडच्या बाटलीची थंडी मामाला कशी वाजली? डॉक्टर नुसता हसला. एवढंच सांगते, पुढे नोकरी संपेपर्यंत, बाटली आत ठेवल्यावर ती देणाऱ्या माणसाला एकदा बघून आल्याशिवाय मला चैन पडलं नाही.