भुऱ्याच्या गळ्यातला हार

आमच्या दवनीवाड्यात रेवाराम चक्कीवाल्याला कोणी लबाड म्हटलं असतं, तर गावाने म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. तीस वर्षं त्याने गावाचं पीठ दळलं. कोणाच्या डब्यातली चिमूट इकडची तिकडे झाली नाही. त्याच माणसाने बावन्नाव्या वर्षी हातात पेन्सिल धरली आणि एक लबाडी केली. ती मी सांगतो, कारण तो स्वतः सांगायला बसला की अर्ध्यावर उठून जातो.

लाईन गेली की चक्की थांबायची. बाया डब्बे रांगेत ठेवून ओट्यावर बसायच्या आणि सांडलेलं पीठ चाटायला शेळ्या आत शिरायच्या. अशाच एका दुपारी रेवारामने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर जागेश्वरच्या शेळीचं तोंड काढलं. का काढलं, ते त्यालाही माहीत नाही. पण डोळा जमला. शेळीचा तो पिवळसर, साऱ्या जगाला कमी लेखणारा डोळा अगदी तसाच उतरला. पान हातोहात फिरलं.

"अवो माय, हे त जागेश्वरचीच हाय!"

मग तो मोबाईलवर पाहून शिकू लागला. कान शिकला, नाकपुडी शिकला, अंगावरचा केस कोणत्या बाजूला वळतो ते शिकला. मान मात्र येईना. तोंड कागदावर जिवंत व्हायचं आणि खाली मान आली की खांबावर मडकं ठेवल्यासारखं दिसायचं. बायको दुर्गा एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "बैल हाय का खुंटा हाय जी हा?"

ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने बैलाच्या मानेवर झेंडूचा जाड हार काढला. फुलाला फूल लावून. मान कुठे सुरू होते आणि कुठे संपते, कोणाला दिसेना. पोळा जवळच होता. बैलाचा मालक खूश झाला. मग गायीला हार, शेळीला हार, मांजरीलाही हार. लोक म्हणू लागले, रेवाराम जनावराची शान ठेवते. त्याने ते ऐकून घेतलं. खरं कारण पोटातच राहिलं.

गावाच्या टोकाला रुख्माबाई एकटी राहते. सोबतीला भुऱ्या, एक कान लोंबणारा कुत्रा. ती चक्कीवर आली की तो मागे, ती धानाच्या बांधीत कामाला गेली की तो शेताच्या कडेला धुऱ्यावर. एक दिवस ती म्हणाली, "माह्या भुऱ्याचाही फोटो काढून दे गा."

रेवारामने नऊ दिवस घेतले. फ्रेम करून स्वतः नेऊन दिलं. रुख्माबाईने चित्र दोन्ही हातांत धरलं. तिच्या घरात भिंतीवर एकच फोटो आहे, वारलेल्या नवऱ्याचा, प्लास्टिकच्या फुलांचा हार घातलेला. तिने त्याकडे पाहिलं, मग हातातल्या चित्राकडे, मग अंगणात बसलेल्या भुऱ्याकडे.

"काऊन गा रेवाराम, जित्या जिवाले हार?"

तेव्हाच सांगायचं होतं. पण दारात दोन शेजारणी उभ्या होत्या. रेवाराम हसला.

"शान असते ते, काकी. पोळ्याले बैलाले नाही का घालत?"

"बैल हाय का हा?" ती म्हणाली. फ्रेम तिने ठेवून घेतली, पण तोंड भिंतीकडे करून.

पंधरा दिवसांनी ती डब्बा घेऊन आली. मागे भुऱ्या नव्हता.

"भुऱ्या कोठी हाय, काकी?"

"पडून हाय. चार दिवस झाले, खात नाही."

"दवाखान्यात नेलं का?"

"कायले नेऊ? तूच त हार घातला. ज्याच्या फोटोले हार चढला, तो कधी वापस आला का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

रेवारामने चक्की बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. ओट्यावर आठ-दहा बाया होत्या, साऱ्या त्याच्याकडे पाहू लागल्या.

"काकी, मले मान काढता येत नाही."

"काय?"

"मान. येतच नाही मले. म्हणून हार काढतो. साऱ्याइले. झाकाले."

"माह्या मनाले बरं वाटाव म्हणून बोलून राहिला तू."

मग त्याने कॅलेंडरचं पान घेतलं आणि सगळ्यांसमोर बसला. भुऱ्याचं तोंड काढलं, लोंबता कान काढला, आणि खाली, हार न घालता, मान काढली. एक बाई वाकून पाहत म्हणाली, "कुत्रा हाय का मुसळावर ठेवला भोपळा?" सारी चक्की हसली. त्याने त्यांना हसू दिलं. पिठाने पांढरे झालेले त्याचे कान लाल झाले होते.

रुख्माबाई हसली नाही. तिने पान डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ पाहिलं. एवढी वाईट मान कोणी मुद्दाम काढत नाही, हे तिला पटलं असावं.

"चाल," ती म्हणाली. "गाडी काढ."

गोंदियाच्या ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गोचिडाचा ताप आहे. सुई लावली. "अजून दोन दिवस थांबले असते तर," एवढंच बोलून ते हात धुवायला गेले. रेवाराम भुऱ्याला धरून होता. सैल कातडीखाली गरम मान, खांद्यात हळूच उतरत गेलेली. इतक्या जनावरांचे डोळे त्याने पाहिले होते, मानेवर हात कधी ठेवला नव्हता.

भुऱ्या उठला. हाराचं चित्र चुलीत गेलं. आता रेवारामला मान बरी जमते. त्याने नवं चित्र काढून नेलं, तर रुख्माबाईने "बेस हाय" म्हणून ते परत दिलं. तिच्या चुलीजवळच्या भिंतीवर कॅलेंडरचं तेच पान आहे, भाताच्या शिताने चिकटवलेलं.

एकदा दळणाचा डब्बा पोचवायला गेला तेव्हा रेवाराम म्हणाला, "काढून टाका ना ते, काकी. लोक हसतात."

"तुले लाज वाटते का?"

"वाटते."

"मंग राहू दे. लाज वाटत होती तरी काढलं तू, म्हणून भुऱ्या जगला."

रेवाराम डब्बा उंबऱ्यावरच ठेवून मागे फिरला. भुऱ्या त्याच्या पायांवरचं पीठ चाटत वळणापर्यंत सोबत गेला.