आखूड रायफल आणि पाच हातांचं तेल

पाचवी रायफलही अडकली. दोन गोळ्या सुटल्या, तिसरीला बोल्ट अर्ध्यातच थांबला.

"काहून अडकून राहिली हो?" देशपांडे साहेबांनी मला विचारलं. जशी काही मीच आत बसले होते.

युद्धाचे दिवस. मी फॅक्टरीत क्वालिटी इन्स्पेक्टर. लॉट बर्फातल्या पोस्टवर जायचा होता आणि शिक्का माझा लागणार होता. जबलपूरच्या उन्हात याच रायफली सुरेख चालत. कोल्ड चेंबरमधून काढल्या की रुसत. कोल्ड चेंबर म्हणजे मोठा फ्रीझर. त्यात कोणीतरी शहपुऱ्याच्या मटारची थैलीही ठेवली होती. तिचा मालक शेवटपर्यंत सापडला नाही.

गोळी सुटली की तिच्याच गॅसच्या जोरावर बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी फेकतो आणि पुढे येताना नवी गोळी घेऊन येतो. याला आम्ही सायकलिंग म्हणतो. या रायफलींच्या आखूड नळीत गॅसला जोर लावायला वेळ कमी मिळतो. आत जरा अडलं की काम थांबलं.

"मॅडम, पहाड़ पर जवान धूप निकलने का इंतज़ार नहीं करेंगे," तपासणीला आलेले मेजर म्हणाले.

"नळीतलं गॅसचं छिद्र ड्रिलनं मोठं करून टाकू, जोर वाढेल. चलो," साहेब म्हणाले.

"मग उन्हाळ्यात बोल्ट इतका आपटेल की पार्ट तुटतील. आजचा दिवस द्या."

"संध्याकाळपर्यंत. मग ड्रिल."

दुपारी सहावी रायफल काढली. तिनं कुठेही न अडता अख्खं मॅगझिन खाऊन टाकलं. लॉट तोच, स्प्रिंग तीच. मी असेंब्लीच्या दुबे मिस्त्रींना बोलावलं.

"दुबेजी, इसमें अलग क्या किया?"

त्यांचा चेहरा पडला. "दीदी, सुबह मेहमानों को दिखानी थी. सब सफ़ेद कपड़ों में थे. दाग न लगे, इसलिए पोंछकर सूखी कर दी. फिर सीधी चेंबर में रख दी, आप नाश्ते पर थीं. गलती हो गई, अभी तेल दे देता हूँ."

"खबरदार!"

हत्यार पाच हातांतून जायचं आणि आमच्याकडे रिवाज होता: ते कोरडं पुढे द्यायचं नाही. प्रत्येकाला वाटे, आधीच्यानं तेलात कंजुषी केली. मदन महलच्या घरी थंडीत माझी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. रायफलीचं तेल तितकं गोठत नाही, पण दाट होतं, आणि दाट तेलात बोल्ट चिखलातल्या बैलासारखा चालतो.

पाचही रायफली पुसल्या, तेलाचा नुसता हात फिरवला, पुन्हा गार केल्या. संध्याकाळी मेजरांनी स्वतः चालवल्या. एकही अडली नाही. ड्रिल मशीन बंदच राहिलं.

"पण इतकं तेल देऊन कोण राहिलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"दुबेजी, फिटर, स्टोअर, पॅकिंग."

"हे चार. पाचवा कोण?"

दुबेजी माझ्या एप्रनच्या खिशाकडे बघत होते. तेलाच्या डबीचं तोंड बाहेर डोकावत होतं. चेंबरमध्ये ठेवण्याआधी शेवटचे दोन थेंब माझे असत.

"पाचवी," मी म्हटलं आणि डबी दुबेजींना दिली. तेल एकाच हातानं द्यायचं, असा लेखी नियम त्याच दिवशी झाला. तो हात त्यांचा. बिघाड शोधताना मी आता आधी स्वतःचे खिसे बघते. वेळ वाचतो.